शेजारच्या सीटचा ब्रेक

ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत स्टिअरिंग एकच असतं, पण ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरणीच्या. ॲक्सिलरेटर मात्र मास्तरणीला नसतो. म्हणजे समोरच्याला पुढे नेणं माझ्या हातात नाही, थांबवणं तेवढं आहे. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात अठरा वर्षं या सीटवर बसून मी लोकांना थांबवत आले. त्यातलं निम्मं थांबवणं उगाच होतं, हे कळायला मला एक साठी उलटलेली विद्यार्थिनी भेटावी लागली.

मी मूळची नाशिकची आणि स्वभावाने तिखट. आमच्या शाळेचा मालक स्टॅन, पोलिश घराण्यातला म्हातारा, माझ्या ‘शैला’चं ‘शायला’ करायचा. एकदा मेकॅनिकने त्याला सांगितलं की या बाईच्या गाडीचे ब्रेक पॅड इतरांच्या निम्म्या वेळात झिजतात. स्टॅनने मला ऑफिसात बोलावलं. “शायला, गाडी शिकतंय कोण? ते की तू?” मी उसळून म्हटलं, “तुझ्या गाडीवर आजवर एक ओरखडा नाही, ते बघ आधी!” तो हसला आणि त्याने नवे पॅड बसवून दिले. मला वाटलं, जिंकले.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. पुण्याहून आलेला एक आयटीतला मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, “मॅडम, पंधरा वर्षं पुण्यात चालवलीय मी, तुम्ही फक्त टेस्टचं सांगा.” दहा मिनिटांत त्याने तीनदा हॉर्न वाजवला. इथे हॉर्न म्हणजे शिवी, हे त्याला कळेपर्यंत एका ट्रकवाल्याने खिडकी खाली करून त्याला अस्सल मिशिगनी उत्तर दिलं होतं. नागपूरच्या एका सुनेने टेस्टच्या सकाळी शाळेच्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. स्टॅन खिडकीतून बघत होता. मी त्याला कसंबसं समजावलं. पुढच्या वर्षी त्याने स्वतःची नवी गाडी आणली तेव्हा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “ते लिंबाचं कसं असतं गं?”

आणि माणसं रडायची. माझ्या गाडीत टिश्यूचा डबा कायम असे. गाडीत दोघंही समोर बघत असतात, नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून घरात न निघणारे शब्द तिथे निघतात. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, नोकरीची परवानगी नसलेल्या मुली तर हमखास. “मावशी, मी तिकडे बँकेत ऑफिसर होते हो. इथे दूध आणायचं तरी तो येईपर्यंत वाट बघते.” तिचं वाक्य संपायच्या आत माझा उपाय तयार असायचा. कोर्स कर, लायब्ररीत मदतीला जा, योगा कर, रडून काय होणारे? त्या मुली डोळे पुसून “हो मावशी” म्हणायच्या आणि पुढच्या वेळी काही बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, झाल्या बऱ्या. आता आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

सबनीस काका-काकू आमच्या इथल्या मराठी मंडळातले सगळ्यात जुने. काका गाड्यांच्या कंपनीत ब्रेकचे इंजिनिअर होते. कडक इस्त्रीचा शर्ट, नीट कापलेले केस, आणि कुठल्याही कार्यक्रमाला पाच मिनिटं आधी हजर. मधुमेहाने आधी त्यांचे डोळे अधू झाले, मग किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास डायलिसिस. काकांना आता गाडी चालवता येईना, आणि काकूंना कधीच येत नव्हती. एकुलता एक मुलगा निखिल दूर सांता क्लाराला, विमानाच्या अंतरावर. या गावात गाडी नसेल तर माणूस घरात कोंडलाच म्हणायचा. बस अशी नाहीच, आणि जानेवारीत चालत जायचं तर नाक गळून पडेल.

अशा वेळी शैला पुढे येणार नाही तर कोण? मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, तक्ता केला, बारा जणांना वार वाटून दिले. सोमवारी देशपांडे, बुधवारी अमुक, शुक्रवार माझा. काकूंनी टॅक्सीचा विषय काढला तर मी रागावले. “मंडळ असताना टॅक्सी? लोक काय म्हणतील आम्हाला?” सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते मिटक्या मारत खाल्लं, खोटं कशाला बोलू.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी काका आत मशीनला जोडलेले होते आणि आम्ही दोघी बाहेर बसलो होतो. काकू एकदम म्हणाल्या, “शैला, मला गाडी शिकवशील?”

मी हसले. अगदी मोठ्याने हसले. “काकू, या वयात कशाला ती कटकट? आम्ही आहोत ना!”

काकू पण हसल्या. पिशवीतून नारळाच्या वड्यांचा डबा काढून माझ्या हातात ठेवला. दर शुक्रवारी ठेवायच्या. मी दर शुक्रवारी खायचे.

डिसेंबरात एका शुक्रवारी जोराचा बर्फ झाला. माझे क्लास पुढे-मागे झाले, म्हणून मी सकाळी ग्रुपवर टाकलं, “आज मला जमत नाही, प्लीज कुणीतरी काकांना न्या.” अकरा जणांनी अंगठा दाखवला. अकरा! मी निश्चिंत झाले. प्रत्येकाला वाटलं, अंगठा दाखवलाय म्हणजे दुसरा कुणीतरी जातोय. गेलं कुणीच नाही. काका कोट-टोपी घालून दारात खुर्चीवर दोन तास बसून होते. काकूंनी मला दोनदा फोन केला, पण शिकवताना माझा फोन बंद असतो. त्या बर्फात ॲपवर टॅक्सी दिसतच नव्हती. दुसऱ्या कुणाला फोन करायचा काकूंना संकोच वाटला. मला संध्याकाळी कळलं तोवर सेंटर बंद झालं होतं. शनिवारी तिथे जागा मिळाली नाही, आणि रविवारी सकाळी काकांच्या फुप्फुसात पाणी साठलं, श्वास घेता येईना, ॲम्ब्युलन्सने हॉस्पिटलात न्यावं लागलं.

मी तिथे पोचले तेव्हा त्यांना ऑक्सिजन लावलेला होता. डॉक्टर म्हणाले, वाचतील. मी कॉरिडॉरमध्ये काकूंचे हात धरून रडायला लागले. “काकू, माझं चुकलं. माझ्यामुळे झालं हे.”

“रडू नकोस,” काकू म्हणाल्या. “तू वाईट वागली नाहीस. कुणीच नाही वागलं. पण एक सांगू? सकाळपासून रात्रीपर्यंत कुणाला ना कुणाला थँक्यू म्हणून माझं तोंड दुखतं गं. नेणाऱ्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? म्हणून पाचला उठून वड्या थापते, चकल्या तळते. आणि यांच्याकडे बघितलंस का तू?”

मी काचेतून बघितलं. काकांचे केस मानेवर आले होते. पांढरे, विस्कटलेले, कानांवर लोंबणारे. दर शुक्रवारी हा माणूस माझ्या शेजारी बसत होता आणि मला ते दिसलं नव्हतं.

“न्हाव्याकडे जायचं नाव काढत नाहीत. लायब्ररी सोडली. म्हणतात, दवाखान्याला नेतात तेच खूप, आता केस कापायला कुणाच्या पाया पडू?” काकूंनी पदराने नाही, स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. “मी ऑगस्टमध्ये तुला एक विचारलं होतं, शैला. परत विचारते.”

या वेळी मी हसले नाही.

काकू गाडी का शिकल्या नव्हत्या, ते मला पहिल्या दिवशी कळलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी काकांनी त्यांना शिकवायला घेतलं होतं. एका मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये काकू चुकून रिव्हर्समध्ये गेल्या आणि काका इतके ओरडले, इतके ओरडले की काकू उतरल्या आणि तशाच चपलांवर दोन मैल चालत घरी आल्या. त्यानंतर काकांनी विषय काढला नाही, काकूंनी विचारलं नाही. काका सगळ्यांना सांगत, “हिला ड्राइव्ह करायला आवडत नाही.” काकूंनीही ते चालवून घेतलं. नवऱ्याने बायकोला गाडी शिकवली आणि महाभारत झालं नाही असं मराठी घर मी अजून बघायचेय, पण अठ्ठावीस वर्षं चाललेलं महाभारत हे एकच.

लेखी परीक्षेत काकूंना पैकीच्या पैकी. फेब्रुवारीत एका बंद पडलेल्या मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये मी त्यांना बसवलं. दहा मैलांचा वेग. समोर दिव्याचा एक खांब, तोही दूर. मी कचकन ब्रेक मारला. पुढे एक बर्फाचा ढीग, परत ब्रेक. वळताना परत. पंधरा मिनिटांनी काकूंनी गाडी उभी केली आणि माझ्याकडे वळल्या.

“शैला, आत्ता ब्रेक कुणी मारला? तू की मी?”

“मी मारला काकू. खांब आला होता ना.”

“मग मी मारला असता की नसता, हे मला कसं कळायचं? आणि तुला तरी कसं कळायचं?”

स्टॅनने हेच विचारलं होतं आणि मी त्याला उडवून लावलं होतं. पण काकू भांडत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. त्या क्षणी मला तो तक्ता आठवला, त्या मुली आठवल्या, आणि माझी लेक आठवली. ती दूर, शुगर लँड नावाच्या गावी असते. तिचा घटस्फोट झाला त्या वर्षी मी तिला रोज फोन करून अर्धा तास सल्ले देत असे, आणि ती हळूहळू फोन उचलेनाशी झाली होती. मला वाटे, पोरगी कृतघ्न आहे. मी घाबरलेले असायचे, एवढंच खरं होतं. समोरच्याचं दुःख मला सहन होत नाही, म्हणून मी ते लगेच थांबवायला जाते. मदत त्यांना कमी आणि मलाच जास्त होते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, बंद मॉलच्या पार्किंगमध्ये, हीटरसमोर बसून मला हे समजलं. स्वतःला घडवणं वगैरे मोठे शब्द आहेत. मला तर नुसती लाज वाटली.

मी सीट पूर्ण मागे सरकवली आणि तिच्यावर चक्क मांडी घालून बसले. हे नियमात बसत नाही, स्टॅनला आजही माहीत नाही. रिकामं पार्किंग होतं म्हणून केलं. “चला काकू,” म्हटलं, “आता खांब तुमचा.”

खांबाच्या बऱ्याच आधी काकूंनी गाडी थांबवली. नुसती थांबली, कळलं पण नाही. काकू स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान मुलीसारख्या हसत सुटल्या.

त्याच रात्री मी लेकीला फोन केला. म्हटलं, “आज काही सांगणार नाही. तुला बोलायचं असेल तर ऐकते.” ती म्हणाली, “आई, आर यू ओके?” आणि मग पाऊण तास तीच बोलत होती.

काका जरा बरे झाल्यावर हट्ट धरून बसले, मी पण मागे बसणार. काकू म्हणाल्या, “बसा, पण एक शब्द काढायचा नाही.” आमच्या गावात मोठ्या रस्त्यांवर सिग्नलला सरळ डावीकडे वळता येत नाही. डावीकडे जायचं असेल तर आधी चौक ओलांडून पुढे जायचं, मधल्या दुभाजकातून यू-टर्न घ्यायचा, मागे यायचं आणि मग उजवीकडे वळायचं. याला मिशिगन लेफ्ट म्हणतात. नवख्यांची इथे त्रेधा उडते. काकू त्या यू-टर्नला उभ्या होत्या, समोरून गाड्या सुसाट येत होत्या, आणि मागून काकांचा आवाज आला.

“अगं, तेव्हा मी तुझ्यावर ओरडायला नको होतं.”

अठ्ठावीस वर्षांनी हा माणूस माफी मागत होता, आणि मुहूर्त बघा केव्हाचा!

काकूंनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. “आत्ता काही बोलू नका हो. मला वळायचंय.”

वळल्या. सुरेख वळल्या. पुढच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, “हं. आता परत म्हणा.” मी उतरले आणि उगाचच टायर बघायला लागले.

पहिल्या टेस्टला काकू नापास झाल्या. कारण ऐकून मी कपाळावर हात मारला. इथे काही चौकांत सिग्नल नसतो. चारही बाजूंनी येणाऱ्यांनी थांबायचं आणि जो आधी आला त्याने आधी जायचं. काकू आधी आल्या, थांबल्या, आणि हाताने खूण करून डावीकडच्याला म्हणाल्या, तुम्ही जा. मग उजवीकडच्याला. मग समोरच्याला. मग मागून नवे आले, त्यांनाही. परीक्षक बिचारा घड्याळ बघत बसला.

“काकू, तुमचा नंबर आला की जायचं!” मी ओरडलेच.

“अगं, जन्मभर सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर जेवायला बसलेय मी. एकदम कसं गं जमेल?”

मग दोन आठवडे आम्ही फक्त असले चौक केले. मी काही सांगत नव्हते. काकू स्वतःशीच पुटपुटायच्या, “आता मी. आता मी.” जूनमध्ये पास झाल्या. सगळ्यात पहिल्यांदा काकांना घेऊन त्या कुठे गेल्या असतील? न्हाव्याकडे. त्या दिवसाचा फोटो त्यांनी मला पाठवला. काकांची मान उघडी, कान उघडे, आणि चेहरा असा की जणू पारितोषिक मिळालंय.

पुढे दीड वर्षं सोमवार, बुधवार, शुक्रवार काकूंनी काकांना नेलं. बर्फात नेलं, धुक्यात नेलं. परतताना काका थकून झोपत, तेव्हा काकू मुद्दाम लांबच्या रस्त्याने येत, म्हणजे त्यांची झोप मोडू नये. ग्रुप मी बंद केला नाही, पण त्यावर काकू आता स्वतः लिहायच्या. “बुधवारी ग्रोसरीला चाललेय, कुणाला काही हवंय का?” त्या नवख्या मुलींनाही सोबत न्यायच्या, आणि मी ऐकलंय, त्या गाडीत काकू फारसं बोलत नसत.

काका गेले नोव्हेंबरमध्ये, सकाळी, झोपेतच. बातमी कळताच मी फोन हातात घेऊन तक्ता करायला बसले, कोण कुणाला आणणार, काकूंना कोण नेणार. अर्धा लिहिला आणि पुसला. नुसतं लिहिलं, “काकू, मी आहे. काय हवं ते सांगा.” तासाभराने उत्तर आलं. “उद्या गाडी मी चालवणार आहे. तू शेजारी बस. सांगायला नको, नुसती बस.”

दुसऱ्या दिवशी निखिल आईला विनवत होता. “मॉम, प्लीज, आय विल ड्राइव्ह. यू डोन्ट हॅव टु डू धिस.”

“तू बाबांना नेतील त्या गाडीत पुढे बस,” काकू त्याच्या गालाला हात लावून म्हणाल्या. “त्यांना एकटं नको पाठवायला. मी यांना इतके दिवस नेलं, आज दुसऱ्याच्या गाडीत बसून नाही यायची.”

इथे अंत्ययात्रा गाड्यांची असते. पुढे शववाहिका, मागे आप्तांच्या गाड्या. फ्युनरल होमच्या माणसाने आमच्या गाडीला छोटा झेंडा लावला आणि काकूंना नीट समजावलं, दिवे चालू ठेवा, लाल सिग्नललाही थांबू नका, आज तुम्हाला सगळे वाट देतील. काकूंनी मान डोलावली. पांढरी साडी, वर काकांचा जुना कोट, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी शेजारी बसले.

मोठ्या चौकात शववाहिका पुढे गेली आणि सिग्नल लाल झाला. काकूंनी गाडी थांबवली. मागची सगळी रांग थांबली. चारही बाजूंच्या गाड्या आमच्यासाठी खोळंबल्या होत्या, कुणी हलत नव्हतं.

मी अगदी हळू म्हटलं, “काकू, आज जायला परवानगी आहे.”

“माहितीय मला.” त्या समोर बघत होत्या. काळी गाडी रस्त्याच्या टोकाशी लहान होत चालली होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मात्र जागच्या जागी होते. “जाऊ दे त्यांना पुढे. त्यांना नेहमीच घाई. मी येते मागून, सावकाश.”

सिग्नल हिरवा झाला. काकूंनी डोळे पुसले, दोन्ही आरसे बघितले आणि गाडी काढली.